पाटी एकाची, नोकर दुसऱ्याचा

दुकानाच्या गल्ल्यातून नोकराने दहा डॉलर उचलले तर त्याला चोर म्हणतात. पोलीस येतात, नोकरी जाते आणि पुढची नोकरी मिळणेही कठीण होऊन बसते. मालकाने त्याच नोकराच्या आठवड्याच्या पगारातून दहा डॉलर कमी दिले, तर मात्र त्याला हिशेबातील चूक म्हणतात, फार तर दिवाणी वाद म्हणतात. रक्कम तीच, ज्याची गेली त्याची गरज मात्र अधिक. अमेरिकेतील कामगार चळवळीने या दुसऱ्या प्रकारालाही चोरीच म्हणायचे ठरवले आणि ‘वेतनचोरी’ हा शब्द तेथील अर्थशास्त्रीय व कायदेविषयक चर्चेत रूढ झाला. २०२१ साली कॅलिफोर्निया राज्याने तर कायद्यातच दुरुस्ती केली. हेतुपुरस्सर बुडवलेली मजुरी बारा महिन्यांत एका कामगारामागे ९५० डॉलरपेक्षा अधिक झाली, तर तो मोठ्या चोरीचा गुन्हा मानता येईल, असे त्या राज्याने ठरवले. शब्द मिळाला, कलमही मिळाले. तरी चोरी काही थांबलेली नाही. तिची मुळे शोधू गेल्यास फास्ट-फूड व्यवसायाच्या रचनेपाशी येऊन थांबावे लागते. मजुरी बुडाल्याचे सिद्ध करणे तेथे एक वेळ साधते. परंतु ती भरून कोणी द्यायची, म्हणजेच या कामगाराचा धनी नेमका कोण, हा प्रश्न सुटत नाही.

चोरीच्या तऱ्हा

वेतनचोरी म्हणजे पगार अजिबात न देणे, अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. ही चोरी मिनिटामिनिटाने होते. हजेरीच्या यंत्रावर काम संपल्याची नोंद करायला लावायची आणि त्यानंतर भट्टी, तवे, फरशी साफ करून घ्यायची. जेवणाची सुटी दिलेली नसताना तेवढा वेळ हिशेबातून वजा करायचा. गणवेशाचा खर्च किंवा गल्ल्यातील तूट कामगाराच्या माथी मारायची. एकाच मालकाच्या दोन उपाहारगृहांत मिळून पन्नास तास काम घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणचे तास वेगळे दाखवून जादा कामाचा दर टाळायचा, या त्यातील नेहमीच्या तऱ्हा होत. २०१४ च्या मार्च महिन्यात मॅकडोनल्ड्सच्या कामगारांनी कॅलिफोर्निया, मिशिगन व न्यूयॉर्क या तीन राज्यांत दावे दाखल केले. कामावर बोलावून घ्यायचे, पण गिऱ्हाईक वाढेपर्यंत हजेरी लावू न देता बसवून ठेवायचे, असा एक आरोप त्यांत होता. विक्रीच्या प्रमाणात मजुरीचा खर्च किती झाला हे संगणक क्षणोक्षणी दाखवतो. ते प्रमाण वाढले की हजेरी थांबते, अशी ही तक्रार होती. गिऱ्हाईक न येण्याचा धोका म्हणजे खरे तर धंद्याचा धोका. तो येथे सर्वांत गरीब माणसाच्या खिशावर ढकलला जातो.

या चोरीची व्याप्ती किती? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शिकागो, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क या तीन शहरांतील निरनिराळ्या धंद्यांतल्या ४,३८७ अल्पवेतन कामगारांना त्यांच्या मागच्या आठवड्याविषयी विचारण्यात आले होते. त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना किमान वेतनापेक्षाही कमी मजुरी मिळाली होती. ज्यांचे वेतन बुडाले त्यांचे आठवड्याच्या सरासरी ३३९ डॉलर कमाईतील सरासरी ५१ डॉलर गेले होते. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१७ साली दहा मोठ्या राज्यांचा हिशेब मांडला. केवळ किमान वेतनाच्या उल्लंघनामुळे तेथील २४ लाख कामगारांचे वर्षाला ८०० कोटी डॉलर बुडतात, असा तिचा अंदाज आहे. हे आकडे एकट्या फास्ट-फूडचे नाहीत, सर्व धंद्यांचे आहेत. परंतु उपाहारगृहांचा धंदा या बाबतीत अग्रभागी असतो, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही.

ज्या वेतनातून ही कपात होते, ते वेतनही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेचे संघराज्यीय किमान वेतन २००९ च्या जुलैपासून तासाला ७.२५ डॉलरवर थिजलेले आहे. अनेक राज्यांनी आपापले दर वाढवले, काहींनी वाढवले नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की फास्ट-फूडमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या कामगारांची निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के कुटुंबे कोणत्या ना कोणत्या सरकारी मदतीवर अवलंबून आहेत. मजुरीतील तूट अशा रीतीने करदाता भरून काढतो.

परवान्याचे अर्थकारण

ही चोरी काही दुष्ट मालकांच्या स्वभावातून उद्भवते, असे म्हणून भागणार नाही. तिच्यामागे एक अर्थकारण आहे. रे क्रॉक यांनी १९५५ साली इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे आपले पहिले मॅकडोनल्ड्स उघडले, आणि नाव, कृती व शिस्त मूळ कंपनीची, तर भांडवल व रोजची मेहनत स्थानिक परवानाधारकाची, अशी एक व्यवस्था पुढे जगभर पसरली. आज मॅकडोनल्ड्सची सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे परवानाधारक चालवतात. मूळ कंपनीला त्यांच्याकडून जागेचे भाडे मिळते आणि विक्रीवर ठरावीक टक्के स्वामित्वधन मिळते.

‘विक्रीवर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. स्वामित्वधन नफ्यावर असते तर मूळ कंपनी व परवानाधारक यांचे हित एकाच दिशेने गेले असते. ते विक्रीवर असल्यामुळे दुकानात नफा होवो वा तोटा, कंपनीचा वाटा आधी बाजूला निघतो. सबवे या साखळीत हे स्वामित्वधन विक्रीच्या ८ टक्के आणि जाहिरातीची वर्गणी आणखी ४.५ टक्के असते. म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीतील साडेबारा डॉलर पाव, भाजी, वीज किंवा मजुरी यांचा हिशेब होण्यापूर्वीच निघून जातात. उरलेल्या रकमेत परवानाधारकाच्या हातात काय असते? माल ठरवून दिलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचा. यंत्रे कंपनी सांगेल ती. भाडे करारात बांधलेले. सवलतीच्या योजना कंपनीच्या जाहिरातींतून जाहीर झालेल्या. प्रत्येक खर्चाला अशी वेसण बसल्यावर आवळता येण्याजोगा एकच खर्च राहतो, तो म्हणजे मजुरी. आणि मजुरीचा दर कायद्याने बांधलेला असला तरी तासांचा हिशेब मालकाच्याच संगणकात असतो.

डेव्हिड वाइल या अर्थतज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या रचनेला ‘भेगाळलेली कार्यसंस्था’ अशा अर्थाचे नाव दिले. मोठ्या कंपन्यांनी नाव व नियंत्रण आपल्याकडे ठेवले आणि कामगारांना नेमण्याची जबाबदारी तेवढी बाहेर सोपवली, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. त्याच वर्षी वाइल अमेरिकन सरकारच्या वेतन व तास विभागाचे प्रमुख झाले. दुखणे ओळखणारा वैद्य दवाखान्याचा प्रमुख झाला खरा. पण औषधाचा साठा तुटपुंजाच होता. या विभागाकडे आज एक हजारांहून कमी निरीक्षक आहेत. १९४८ सालीही ते सुमारे एक हजारच होते, आणि तेव्हाच्या तुलनेत कामगारांची संख्या आज कितीतरी पटींनी अधिक आहे. शिवाय चोरी पकडली गेली तरी संघराज्यीय कायद्यानुसार सामान्यतः बुडवलेली रक्कम आणि तेवढीच भरपाई द्यावी लागते. तीही मागील दोन वर्षांची, आणि उल्लंघन जाणूनबुजून केल्याचे सिद्ध झाले तर तीन वर्षांची. साधे अंकगणित केले तरी दिसेल, की पकडले जाण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल तर कायदा मोडणे हा किफायतशीर व्यवहार ठरतो. त्यात २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की नोकरीच्या करारात एकेकट्याने लवादाकडे जाण्याची अट घालून कामगारांचा सामूहिक दाव्याचा मार्ग बंद करता येतो. दोन-तीनशे डॉलरसाठी एकट्याने वकील कोण करणार?

एकच पाटी, दोन न्याय

या रचनेचा परिणाम किती विलक्षण होतो, हे कॅलिफोर्नियातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिल्यास स्पष्ट होईल. त्या राज्यात दिवसाला आठ तासांहून अधिक काम झाले की जादा दर द्यावा लागतो. आता असे समजा, की एखादा कामगार सोमवारी रात्री दहाला कामावर आला, मंगळवारी सकाळी सहाला सुटला आणि त्याच दिवशी दुपारी दोन ते रात्री दहा पुन्हा उभा राहिला. मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरला तर मंगळवारी त्याचे चौदा तास भरतात आणि सहा तासांचा जादा दर त्याला मिळायला हवा. परंतु पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेच्या खात्यावर तिचे सर्व तास टाकले, की सोमवारचे आठ व मंगळवारचे आठ होतात आणि जादा दर नाहीसा होतो. नोंदीचा एक नियम फिरवला की सहा तासांची कमाई गेली.

मॅकडोनल्ड्स कंपनी स्वतः चालवीत असलेल्या कॅलिफोर्नियातील उपाहारगृहांत अशाच स्वरूपाच्या हिशेबाविरुद्ध आणि न मिळालेल्या सुट्यांविरुद्ध जो दावा झाला, त्यात २०१९ च्या नोव्हेंबरात कंपनीने २ कोटी ६० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. सुमारे ३८ हजार कामगारांचा तो प्रश्न होता. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, म्हणजे १ ऑक्टोबर २०१९ रोजी, नवव्या मंडळाच्या संघराज्यीय अपील न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका परवानाधारकाच्या कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. तक्रारी तशाच होत्या आणि पाटीही तीच होती. हजेरीचा हिशेब ठेवणारी संगणक-प्रणालीही मूळ कंपनीचीच होती. तरीही न्यायालयाने म्हटले, की कंपनीचे नियंत्रण पदार्थांचा दर्जा राखण्यासाठी आहे, नेमणूक, पगार व पाळ्या परवानाधारक ठरवतो. सबब कंपनी या कामगारांची मालक नव्हे.

पाव किती सेकंद भाजायचा हे कंपनी ठरवते, तो भाजणारा हात मात्र तिचा नाही, असा या निकालाचा व्यवहारातील अर्थ होतो. कायद्याच्या चौकटीत तो निकाल तर्कशुद्ध असेलही. दोष त्या चौकटीचा आहे. कामगार संघटनांच्या हक्कांपुरता हाच प्रश्न राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळापुढे आला, तेव्हा २०१५ साली मंडळाने ‘संयुक्त मालक’ या संज्ञेचा अर्थ व्यापक केला, २०२० साली तो पुन्हा आकुंचित केला, २०२३ साली पुन्हा व्यापक केला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये टेक्ससमधील संघराज्यीय न्यायालयाने तो नवा नियम रद्द केला. व्हाइट हाऊसमध्ये कोण बसले आहे यावर कामगाराचा धनी कोण हे ठरत राहिले.

मजुरी न बुडवणाऱ्या कंपन्यांचीच पाटी भिंतीवर लागते, असा याचा अर्थ नाही. चिपोटले या साखळीची अमेरिकेतील उपाहारगृहे कंपनीच्याच मालकीची आहेत आणि तेथेही कायदा मोडला गेला. पाळ्यांचे वेळापत्रक दोन आठवडे आधी द्यावे, ऐनवेळी बदलल्यास भरपाई द्यावी, असा न्यूयॉर्क शहराचा २०१७ पासून लागू असलेला नियम आहे. तो आणि आजारपणाच्या रजेचा नियम मोडल्याबद्दल २०२२ च्या ऑगस्टमध्ये या कंपनीने सुमारे १३ हजार कामगारांसाठी २ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. फरक इतकाच, की येथे एका शहराच्या कचेरीला एकच दार ठोठवावे लागले. परवान्याच्या रचनेत तेच दार शेकडो लहान दारांत विभागले जाते आणि त्यातील पुष्कळशा दारांमागे वसूल करण्याजोगे फारसे काही नसते.

स्वातंत्र्याचा देखावा

परवानाधारक हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत, हा मूळ कंपन्यांचा कायमचा बचाव असतो. तो किती खरा आहे हे त्यांच्या करारांनीच उघड केले आहे. ॲलन क्रूगर व ऑर्ली ॲशेनफेल्टर या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली मोठ्या साखळ्यांचे करार तपासले. त्यांपैकी ५८ टक्के करारांत असे कलम आढळले, की एका परवानाधारकाने त्याच साखळीतील दुसऱ्याकडचा कामगार घेऊ नये. स्वतंत्र दुकानदारांनी मालासाठी, गिऱ्हाइकासाठी स्पर्धा करावी, पण मजुरासाठी करू नये, असा हा नियम. चार आणे अधिक मिळावेत म्हणून कामगाराने पलीकडच्या रस्त्यावरील त्याच नावाच्या दुकानात जाऊ नये, याची ही तजवीज होती. २०१८ पासून वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी कारवाईचा धाक दाखवताच अनेक साखळ्यांनी ही कलमे काढून टाकली. मजुरी दाबण्यापुरते सगळे एक आणि मजुरी भरून देण्याच्या वेळी प्रत्येकजण वेगळा, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाचा धडा

या कोंडीतून मार्ग नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ च्या ऑगस्टअखेर वृत्तपत्रे व सार्वजनिक दूरचित्रवाणी यांच्या संयुक्त शोधातून सेव्हन-इलेव्हन या चोवीस तास उघड्या दुकानांच्या साखळीतील प्रकार बाहेर आला. धंदा थोडा वेगळा असला, तरी रचना हीच होती. तेथे ढोबळ नफ्यातील ५७ टक्के वाटा मूळ कंपनी घेई आणि मजुरी परवानाधारकाने आपल्या ४३ टक्क्यांतून द्यायची असे. कामगारांत परदेशी विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता आणि त्यांत भारतीय पुष्कळ होते. विद्यार्थ्याच्या व्हिसावर आठवड्याला सरासरी वीस तासच काम करण्याची मुभा होती. मालक चाळीस तास राबवी आणि वीस तासांची नोंद करी. कागदावर दर कायदेशीर, प्रत्यक्षात निम्मा. तक्रार करावी तर जादा तासांबद्दल आपलाच व्हिसा जाईल, ही भीती. शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेला मुलगा अशा वेळी गप्प बसला, तर नवल नाही. पुढे बँकेतून पगार देणे भाग पडले, तेव्हा खात्यात जमा झालेल्या पगारातील काही भाग रोख परत मागण्याची युक्ती निघाली.

या प्रकरणात १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक थकीत वेतन कामगारांना परत करावे लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१७ साली तेथील संसदेने कायदाच बदलला. परवानाधारकाच्या कारभारावर ज्या मूळ कंपनीचा लक्षणीय प्रभाव किंवा नियंत्रण आहे, आणि वेतन बुडत असल्याचे जिला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, ती कंपनी वाजवी खबरदारी न घेतल्यास जबाबदार ठरेल, असे त्यात स्पष्ट लिहिले. पगार परत मागण्यावर बंदी आली, गंभीर उल्लंघनाचे दंड दसपट झाले, आणि १ जानेवारी २०२५ पासून हेतुपुरस्सर वेतन बुडवणे हा तेथे कारावासास पात्र गुन्हा झाला. परवान्याची पद्धत यामुळे तेथे मोडून पडली नाही. हे तत्त्व भारतीय वाचकालाही अपरिचित नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरावी, हे आपल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले होते आणि आताच्या श्रमसंहितेतही ते कायम आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय आहे. परंतु जबाबदारीने नियंत्रणाच्या मागोमाग जावे, हा विचार अव्यवहार्य नाही, एवढे तरी यातून दिसते.

वीस डॉलरचा सौदा

मग अमेरिकेत अडले कोठे? याचे उत्तर २०२३ सालच्या कॅलिफोर्नियातील एका तडजोडीत सापडते. न्यूयॉर्कमध्ये २९ नोव्हेंबर २०१२ रोजी सुमारे दोनशे फास्ट-फूड कामगारांनी तासाला १५ डॉलर व संघटनेचा हक्क मागत संप केला, तेव्हापासून या चळवळीने मोठी मजल मारली होती. कॅलिफोर्नियात कामगारांच्या बाजूने आलेल्या विधेयकात, परवानाधारकाने कायदा मोडल्यास मूळ कंपनीही जबाबदार राहील, अशी तरतूद होती. साखळ्यांनी तिला कडाडून विरोध केला. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये समझोता झाला. देशभरात साठ किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांत १ एप्रिल २०२४ पासून किमान वेतन २० डॉलर झाले, धंद्यातील वेतन व कामाच्या अटी पाहण्यासाठी एक परिषद स्थापन झाली, आणि संयुक्त जबाबदारीचे कलम विधेयकातून वगळण्यात आले.

वीस डॉलर ही कामगारांची मोठी जीत होती, यात शंका नाही. परंतु या सौद्यातील दुसरी बाजू पाहिली पाहिजे. वाढीव वेतन द्यायचे आहे ते परवानाधारकाने; जबाबदारी आली असती ती मूळ कंपनीवर. ज्याचा भार दुसरा उचलणार ते मान्य करणे सोपे गेले. आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात एक धोकाही आहे. कायदेशीर दर जितका वाढतो तितका तो चुकवण्यातला फायदाही वाढतो. देखरेखीशिवाय वाढवलेले वेतन म्हणजे कुलूप न लावता तिजोरीत टाकलेली भर होय.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मजुरी महाग केली तर नोकऱ्या जातील. डेव्हिड कार्ड व क्रूगर यांनी याच धंद्याचा दाखला घेऊन १९९४ साली त्याला उत्तर दिले. न्यू जर्सीने १९९२ साली किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. दोन्हीकडील ४१० फास्ट-फूड उपाहारगृहांची तुलना केली असता न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे दिसले नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि कितीही वाढ केली तरी परिणाम होणार नाही, असे कोणी म्हणत नाही. परंतु वेतनचोरीच्या बाबतीत हा आक्षेप मुळातच गैरलागू आहे. ठरलेले वेतन द्यावे, एवढीच येथे मागणी आहे. कायदा मोडूनच जी नोकरी टिकते, तिच्या किमतीत कायदा पाळणाऱ्या शेजारच्या दुकानदाराचे नुकसानही मोजले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवानाधारकांत अनेकजण स्वतः स्थलांतरित आहेत, आयुष्याची पुंजी लावून बसले आहेत. त्यांना चोर ठरवून काय साधणार? मूळ कंपनीला जबाबदार धरण्याचे हेच तर सर्वांत मोठे कारण आहे. बुडालेली मजुरी आपल्याला भरावी लागेल हे कंपनीला ठाऊक असेल, तर स्वामित्वधन, भाडे व सवलतीच्या योजना ठरवताना कायदेशीर मजुरी त्यात बसते की नाही, हे तिला आधी पाहावे लागेल. पदार्थाचा दर्जा तपासायला तिचे निरीक्षक दुकानात येतातच. त्यांनी हजेरीपटही तपासावा. तिच्या संगणकाला पावाची संख्या कळते, तशी न मोजलेली मिनिटेही कळू शकतात. सचोटीने वागू पाहणाऱ्या लहान मालकाला यामुळे आधारच मिळेल.

आठवड्याला ५१ डॉलर ही रक्कम कंपनीच्या ताळेबंदात दिसणारही नाही. ज्याच्या कमाईतून ती जाते, त्याच्या घरी मात्र ती भाड्याच्या दिवशी दिसते. त्याने दाद मागायला जावे आणि त्याला आधी ‘तुझा मालक कोण’ असे विचारले जावे, ही स्थिती जोवर आहे, तोवर तासाचा दर सात डॉलर असो वा वीस, त्याच्या हाती किती पडेल याची हमी कोणताही कायदा देऊ शकणार नाही.